बूट लोडर : अपडेटनंतर पुसली जाणारी मांडणी

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर कार्यप्रणाली अवतरेपर्यंतच्या काही क्षणांत एक छोटा प्रोग्रॅम आपले काम उरकून बाजूला होतो. त्याला बूट लोडर म्हणतात. कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नल, डिस्कवरून मेमरीत आणायचा आणि सूत्रे त्याच्या हाती सोपवायची, हे त्याचे काम. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स नांदत असतील, तर कोणती प्रणाली सुरू करायची याची यादीही तोच दाखवतो. अनेक जण ही यादी आपल्या सोयीने बदलून घेतात. एखादे अपडेट होते आणि हे सारे बदल नाहीसे होतात. क्वचित संगणक सुरूच होत नाही.

ग्रबची रचना

लिनक्स जगतात ‘ग्रब’ हा बूट लोडर सर्वाधिक रूढ आहे. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये त्याची सुरुवात केली आणि १९९९ मध्ये तो जीएनयू प्रकल्पात दाखल झाला. जुन्या ग्रबची यादी ‘मेनू.एलएसटी’ या साध्या फाइलमध्ये असे. डेबियन आणि उबुंटूमध्ये या फाइलचा ठरावीक खुणांमधला भागच आपोआप लिहिला जाई. त्याबाहेरचा मजकूर सुरक्षित राही.

ग्रबच्या दुसऱ्या आवृत्तीने ही पद्धत बदलली. ऑक्टोबर २००९ मधील उबुंटू ९.१० पासून नव्या संगणकांवर तीच येऊ लागली. तिची ‘ग्रब.सीएफजी’ ही फाइल संपूर्णपणे यंत्राने तयार केलेली असते. कर्नलचे अपडेट आले, की ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा आपोआप चालते आणि फाइल नव्याने लिहिली जाते. त्यात हाताने केलेला बदल टिकत नाही. तशी सूचना फाइलच्या माथ्यावरच असते. पण ती वाचण्याची तसदी फार थोडे घेतात.

आवडीची प्रणाली यादीतील क्रमांकाने निश्चित केली असेल, तर आणखी एक अडचण येते. नव्या कर्नलची भर पडून क्रम सरकला, की त्या क्रमांकावर भलतीच नोंद येऊन बसते. २०२१ मधील २.०६ या आवृत्तीत इतर प्रणाली आपोआप शोधण्याची सोय सुरक्षेच्या कारणास्तव मुळातच बंद ठेवण्यात आली. परिणामी अनेकांच्या यादीतून विंडोज अदृश्य झाले. डिस्कवर मात्र ते जसेच्या तसे होते.

विंडोजची बाजू

जुन्या संगणकांत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्सपैकी ४४६ बाइट्स बूट लोडरच्या वाट्याला येत. जागा एकच असल्याने विंडोज नव्याने बसवले, की तेथील ग्रब पुसला जाई. यूईएफआय पद्धतीत प्रत्येक प्रणालीच्या फाइली वेगळ्या राहतात आणि त्यांचा क्रम मदरबोर्डच्या मेमरीत नोंदलेला असतो. तरीही मोठ्या अपडेटनंतर हा क्रम बदलू शकतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये याहून गंभीर प्रकार घडला. ग्रबच्या जुन्या, सदोष आवृत्त्यांना अटकाव करणारे सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने दिले. दोन प्रणाली असलेल्या संगणकांवर ते लागू होणार नव्हते. परंतु वेगळ्या पद्धतीने मांडणी केलेले काही संगणक त्या तपासणीत ओळखलेच गेले नाहीत आणि त्यांच्यावरील लिनक्स सुरू होईनासे झाले.

टिकणारे बदल

बदल योग्य जागी केले, तर ते अपडेटनंतरही कायम राहतात. थांबण्याचा अवधी, पूर्वनिवड आदी गोष्टी ‘ईटीसी’ फोल्डरमधील ‘डिफॉल्ट’ या उपफोल्डरातल्या ‘ग्रब’ फाइलमध्ये लिहाव्यात. स्वतःच्या नोंदी ‘ग्रब.डी’ उपफोल्डरातील ‘४०_कस्टम’ या फाइलमध्ये ठेवाव्यात आणि त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’ चालवावे. पूर्वनिवड क्रमांकाऐवजी नोंदीच्या नावाने करणे अधिक भरवशाचे. अपडेटच्या वेळी ‘जुनी फाइल ठेवायची की नवी घ्यायची?’ असा प्रश्न आल्यास उत्तर देण्यापूर्वी दोन्हींतील फरक पाहावा. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली डेबियनवरच आधारलेली असल्याने तिच्या वापरकर्त्यांनाही हे नियम उपयोगी पडतात.

संगणक सुरूच होत नसेल, तर पेन ड्राइव्हवरील लाइव्ह लिनक्सच्या साहाय्याने ग्रब पुन्हा बसवता येतो. तसा एक पेन ड्राइव्ह आणि मांडणीच्या फाइलींची प्रत आधीपासून हाताशी असावी. यादीतून प्रणाली नाहीशी झाली म्हणजे माहिती नष्ट झाली, असे नव्हे. दाराची पाटी पडली, तरी घर जागेवरच असते. घाबरून डिस्क फॉरमॅट केली, तर मात्र दुरुस्त होण्याजोगा बिघड कायमच्या नुकसानीत बदलतो.