युरेनियमच्या लगडीचं घराणं

पिचब्लेंड हे नाव जर्मन खाणकामगारांचं. त्यातला ‘पेच’ म्हणजे डांबर आणि ‘ब्लेंड’ म्हणजे फसवा दगड. दिसायला डांबरासारखा काळा, हातात घेतला तर धातूसारखा जड, पण भट्टीत घातला तर हाती काहीच लागायचं नाही. इशारा नावातच होता. तरीही 1789 साली बर्लिनचे रसायनज्ञ मार्टिन क्लापरोट फसलेच.

त्यांनी हा दगड नायट्रिक आम्लात विरघळवला, आम्ल मारलं आणि तळाशी पिवळाजर्द साका बसला. साका कोळशाबरोबर मुशीत भाजल्यावर धातूसारखी चमक असलेली काळी भुकटी मिळाली. आठच वर्षांपूर्वी युरेनस ग्रह सापडला होता, म्हणून या नव्या ‘धातू’चं नाव युरेनियम ठेवलं गेलं. लोखंड, तांबं, कथील कोळशापुढे ऑक्सिजन टाकून मोकळे होतात, तेव्हा हाही झाला असेल असं वाटणं साहजिक होतं. पण साध्या भट्टीतल्या कोळशाला युरेनियम दाद देत नाही. क्लापरोटांच्या मुशीत उरलं होतं ते ऑक्साइडच. ते धातू नाही हे कळायला बावन्न वर्षं लागली.

लगडीच्या या घराण्याचा मूळ पुरुष म्हणून मी क्लापरोटांना नव्हे, पॅरिसच्या युजेन पेलिगो यांना मानतो. 1841 मध्ये त्यांनी ऑक्साइडचा नाद सोडला. आधी युरेनियमचं क्लोराइड केलं, मग तो क्षार प्लॅटिनमच्या मुशीत पोटॅशियमबरोबर तापवला. पोटॅशियमला क्लोरिनची हाव युरेनियमपेक्षा मोठी. त्याने क्लोरिन ओढून घेतला आणि खरा धातू पहिल्यांदा सुटा झाला. युरेनियमचं नायट्रेट ईथरमध्ये विरघळतं हेही पेलिगोंनीच नोंदवलं. क्षार करून त्याहून हावऱ्या धातूकडून तो फोडायचा, आणि शुद्धीसाठी नायट्रेट पाण्यातून दुसऱ्या द्रवात ओढायचं, या दोन युक्त्या. पुढच्या शंभर वर्षांत त्यांचं कौतुक फारसं कोणाला नव्हतं, कारण धातू हवा कोणाला होता? युरेनियम खपायचं ते काचेला आणि चिनी मातीच्या भांड्यांना पिवळा-हिरवा रंग देण्यापुरतं.

1942 मध्ये शिकागोत अणुभट्टी रचायची ठरली आणि एकदम टनांनी धातू हवा झाला. तेव्हा अमेरिकेत तो होता ग्रॅमांच्या हिशेबात. वेस्टिंगहाउसचा विजेच्या दिव्यांचा कारखाना थोडाफार करत असे. त्यांची रीत विद्युत-विघटनाची, आणि त्यासाठी लागणारा क्षार उन्हात ठेवून तयार व्हायचा. म्हणजे महायुद्धाचं सर्वांत गुप्त काम आभाळ भरून आलं की अडायचं. पापड-कुरडयांच्या हंगामाशी परिचय असलेल्या कोणालाही ही चिंता समजेल!

मार्ग निघाला आयोवातल्या एम्स गावी, शेतकी कॉलेज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत. फ्रँक स्पेडिंग आणि हार्ली विल्हेल्म यांनी पेलिगोंचीच युक्ती घेतली. फक्त क्लोराइडऐवजी फ्लोराइड घेतलं, कारण क्लोराइड हवेतला ओलावा पितं. या फ्लोराइडला कामगार ‘हिरवं मीठ’ म्हणत. पोटॅशियमच्या जागी आधी कॅल्शियम आणि मग स्वस्त मॅग्नेशियम आलं.

पोलादी नळकांडं घ्यायचं, आतून चुन्याचा जाड थर ठोकून बसवायचा, त्यात हिरवं मीठ आणि मॅग्नेशियमचा किस कालवून भरायचा, झाकण घट्ट आवळायचं आणि सगळं भट्टीत ठेवायचं. बराच वेळ काही होत नाही. मग आतलं मिश्रण स्वतःच पेटतं आणि काही क्षणांत इतकं तापतं की धातू आणि मळी दोन्ही वितळतात. युरेनियम वितळतं 1132 अंशांना आणि मॅग्नेशियम फ्लोराइडची मळी जवळजवळ 1260 अंशांना, म्हणजे उष्णता जेमतेम पुरते. मॅग्नेशियम त्याआधीच उकळायला लागतं, म्हणून झाकण आवळावं लागतं. पण एकदा दोन्ही पातळ झाली की पुढचं काम वजन करतं. युरेनियम पाण्याच्या एकोणीस पट जड, ते तळाशी. हलकी मळी वर. गार झाल्यावर मळी फोडायची की खाली लगड. सप्टेंबर 1942 मध्ये एम्सला जी मोठी लगड निघाली ती पाच किलोंची, पण आकाराने पाणी प्यायच्या पेल्याएवढीच. 2 डिसेंबरला शिकागोची भट्टी चालू झाली, तेव्हा तिच्यातला सुमारे दोन टन धातू एम्सचा होता.

पण शुद्धी हे वेगळंच प्रकरण. सोनार ज्याला शुद्ध म्हणेल ते न्यूट्रॉनला चालत नाही. बोरॉन दहा लाखांत एक भाग असला तरी तो नको तितके न्यूट्रॉन गिळतो. इथे पेलिगोंची दुसरी युक्ती उपयोगी पडली. सेंट लुइसच्या मॅलिन्क्रॉट कंपनीने नायट्रेट ईथरमध्ये ओढून घ्यायला सुरुवात केली. ईथर ठिणगीला भडकणारा, तरी टनांच्या हिशेबात.

ही लगड मुंबईला आली ती तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या डोंगराआड. कॅनडाच्या मदतीने सायरस अणुभट्टी उभी राहत होती आणि तिला युरेनियम धातूच्या कांड्या लागणार होत्या. त्या विकत घेता आल्या असत्या. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होमी भाभांनी तो धातू इथेच करायचं ठरवलं. रसायन-अभियंते होमी सेठना यांच्याकडे दिलेल्या या कामाचं नाव ठेवलं गेलं ‘प्रोजेक्ट फायरवुड’, आपल्या भाषेत सरपण. इतकं घरगुती नाव सरकारी कामाला क्वचितच मिळत असेल. 30 जानेवारी 1959 रोजी ट्रॉम्बेच्या कारखान्यातून पहिली लगड निघाली. ईथरची जागा इथे ट्रायब्यूटाइल फॉस्फेटने घेतली होती, बाकी वाट ओळखीची: नायट्रेट ओढून घ्यायचं, अमोनियाने पिवळा साका पाडायचा, भाजायचा, हायड्रोजनने काळं ऑक्साइड करायचं, त्याचं हिरवं मीठ, आणि मग हावऱ्या धातूबरोबर भट्टी. कांड्या घडवण्याची बाजू ब्रह्मप्रकाश यांच्या धातुशास्त्र विभागाची. 10 जुलै 1960 ला सायरस चालू झाली.

आजच्या झारखंडमधल्या जादुगुड्याची युरेनियमची खाण आणि गिरणी नियमित माल देऊ लागली ती साठच्या दशकाच्या अखेरीस. तिथलं खनिज गरीब, हजार किलोंत युरेनियम एक किलोही नाही. म्हणून ते तिथेच आम्लात विरघळवून पिवळा साका करून पाठवायचा. क्लापरोटांनी पाडलेल्या साक्याचा तो सख्खा भाऊ.

लगडीचं घराणं मात्र लहानच राहिलं. सायरस आणि नंतरची ध्रुव या संशोधन-भट्ट्यांना धातू लागला. विजेच्या भट्ट्यांना तो नको असतो. उष्णतेत आणि किरणोत्सारात तो फुगतो, वाकडा होतो, गरम पाणी लागलं तर गंजतो. तारापूरच्या नळ्यांत 1969 पासून भरल्या जातात त्या गोळ्या काळ्या ऑक्साइडच्या, म्हणजे बर्लिनच्या मुशीत निघालेल्या त्या खोट्या धातूच्याच.