होम थिएटर ध्वनियंत्रणा

होम थिएटर ध्वनियंत्रणा म्हणजे चित्रपटगृहातील बहुवाहिनी ध्वनीचा अनुभव घरातील खोलीत मिळावा यासाठी एकत्र जोडलेल्या उपकरणांचा संच होय. या संचात पाच किंवा अधिक स्पीकर, खर्जाच्या ध्वनीसाठी सबवूफर आणि या सर्वांना ध्वनिसंकेत व शक्ती पुरवणारा रिसीव्हर यांचा समावेश होतो. ‘५.१’ या संज्ञेतील पाच हा आकडा डावा, मधला, उजवा आणि प्रेक्षकांच्या दोन्ही बाजूंचे दोन अशा पाच पूर्ण ध्वनिवाहिन्यांचा निदर्शक आहे. ‘.१’ ही साधारण १२० हर्ट्झपर्यंतच्या खर्जापुरती मर्यादित असलेली सहावी वाहिनी होय. ‘५.१.२’सारख्या संज्ञेतील तिसरा आकडा छतावर किंवा उंचावर बसवलेल्या स्पीकरची संख्या दाखवतो.

महाराष्ट्रातील बोलचालीत, विशेषतः ग्रामीण भागात, ‘होम थिएटर’ हा शब्द बहुधा एका मोठ्या डब्याला जोडलेल्या चार-पाच लहान स्पीकरच्या तयार संचासाठी वापरला जातो. यांपैकी अनेक स्वस्त संच केवळ दोन वाहिन्यांचा ध्वनी स्वीकारतात व तोच सर्व स्पीकरमध्ये वाटून देतात. स्पीकर पाच असले, तरी त्यांतून पाच वेगळे ध्वनी येत नाहीत. मागील बाजूस एचडीएमआय किंवा ऑप्टिकल जोडणी नसेल आणि फक्त तांबडी-पांढरी आरसीए जोडणी, यूएसबी व ब्लूटूथ असेल, तर तो संच बहुधा याच प्रकारातील असतो.

== पार्श्वभूमी ==

मराठीतील पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) एकवाहिनी ध्वनीचा होता आणि त्यानंतर कित्येक दशके भारतीय चित्रपटांचा ध्वनी मुख्यतः तसाच राहिला. ‘शोले’ (१९७५) हा ७० मिलिमीटर व स्टिरिओफोनिक ध्वनीसह प्रदर्शित झाला. ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’ (१९९४) हा डॉल्बी स्टिरिओ वापरणारा पहिला भारतीय चित्रपट मानला जातो. डॉल्बी डिजिटल १९९२ मध्ये, डीटीएस १९९३ मध्ये आणि उंचीवरील ध्वनीचा समावेश असलेले डॉल्बी ॲटमॉस २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आले. यांपैकी पहिली दोन तंत्रे डीव्हीडीबरोबर घराघरांत पोहोचली. आता बहुवाहिनी ध्वनी मुख्यतः इंटरनेटवरील चित्रपटसेवांतून येतो.

== खोली ==

निवडीची सुरुवात उपकरणांपासून न करता खोलीपासून करणे हितावह ठरते, कारण ऐकू येणाऱ्या ध्वनीचा मोठा भाग भिंती, छत व फरशी यांवरून परावर्तित होऊन येतो. हा भाग दुकानातील प्रात्यक्षिकात कळत नाही.

महाराष्ट्रातील घरांत दहा बाय बारा फुटांची खोली सर्रास आढळते आणि स्लॅबची उंचीही अनेकदा दहा फुटांच्या आसपास असते. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतराच्या दुप्पट तरंगलांबीचा ध्वनी त्या खोलीत घुमतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरल्यास बारा फुटांच्या (३.६६ मीटर) लांबीसाठी ही वारंवारता सुमारे ४७ हर्ट्झ आणि दहा फुटांच्या (३.०५ मीटर) रुंदीसाठी सुमारे ५७ हर्ट्झ येते. उंचीही दहा फूटच असल्याने ५७ हर्ट्झचा घुमारा दोन दिशांनी एकमेकांत मिसळतो. ढोलाचा किंवा स्फोटाचा आवाज अशा खोलीत ‘धूम’ असा लांबत जातो आणि दोष मात्र सबवूफरला दिला जातो. सबवूफर कोपऱ्यातून दोन-तीन फूट हलवून पाहणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. सबवूफर तात्पुरता बैठकीच्या जागी ठेवून खोलीत फिरावे आणि जेथे खर्ज सर्वांत सम ऐकू येईल तेथे तो कायमचा ठेवावा, ही पद्धत जगभर प्रचलित आहे.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या मराठवाड्यातील गावांत एकाच आळीत तीन प्रकारची घरे दिसू शकतात: जाड मातीच्या भिंतींचे माळवदाचे घर, पत्र्याचे घर आणि स्लॅबचे घर. ध्वनीच्या दृष्टीने ही तिन्ही भिन्न आहेत. जाड मातीची भिंत खर्जाने थरथरत नाही आणि मातीचा खडबडीत गिलावा व छताचे लाकूड यांमुळे आवाज कमी खणखणतो. माळवदाचे घर या बाबतीत नव्या घरापेक्षा उजवे ठरू शकते. पत्र्याचे छप्पर सबवूफरच्या आवाजाने स्वतःच वाजू लागते, आणि पावसात त्यावरच्या आवाजापुढे संवाद ऐकू येणे कठीण होते. तेथे मोठ्या सबवूफरवर खर्च करण्यात अर्थ नाही. सिमेंटचा गुळगुळीत गिलावा आणि शहाबादी किंवा सिरॅमिक फरशी असलेल्या स्लॅबच्या खोलीत निनाद जास्त असतो व शब्दांची टोके एकमेकांत मिसळतात. जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा आणि स्पीकरसमोरच्या भिंतीवर टांगलेली गोधडी यांनी टाळीचा खणखणाट लक्षणीय कमी होतो. खर्जाचा घुमारा मात्र गोधडीने कमी होत नाही. त्याची तरंगलांबी काही मीटरची असते व पातळ कापड ती शोषू शकत नाही.

== स्पीकर ==

अंदाजपत्रकातील निम्म्याहून अधिक रक्कम स्पीकरसाठी राखून ठेवणे योग्य समजले जाते. चांगला स्पीकर दोन-तीन दशके टिकतो. रिसीव्हर मात्र नव्या जोडण्या व नव्या ध्वनिप्रकारांमुळे काही वर्षांतच मागे पडतो.

चित्रपटातील बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, त्यामुळे हा स्पीकर सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रत्यक्षात तोच सर्वांत लहान घेतला जातो आणि टीव्हीच्या शोकेसमधील बंद खणात कोंबला जातो. खणाच्या आत घुमून आलेला पुरुषी आवाज जाडसर होतो व शब्द कळेनासे होतात. हा स्पीकर खणाच्या पुढच्या कडेपर्यंत ओढून घ्यावा आणि त्याचे तोंड ऐकणाऱ्याच्या कानांकडे असावे. जमिनीवर बसलेल्या प्रौढ व्यक्तीचा कान साधारण ७० सेंटिमीटर, तर खुर्चीवर बसलेल्याचा ११० सेंटिमीटर उंचीवर असतो. घरातील माणसे कोठे बसतात ते पाहून ही उंची ठरवावी लागते. एकटी व्यक्ती नेमकी मध्यभागी बसत असेल तर डाव्या-उजव्या स्पीकरमधूनच संवाद मध्यातून आल्याचा भास होतो आणि मधल्या स्पीकरवाचून चालते. परंतु दिवाण, खुर्ची व सतरंजी असे विखरून बसणाऱ्या कुटुंबात हा भास कोणालाच नीट मिळत नाही.

डावा, मधला व उजवा हे तिन्ही स्पीकर एकाच मालिकेतील असावेत, अन्यथा पडद्यावर चालत जाणाऱ्या पात्राचा आवाज वाटेत बदलतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार डावा व उजवा स्पीकर ऐकणाऱ्याच्या समोरील रेषेपासून प्रत्येकी ३० अंशांवर, तर बाजूचे स्पीकर १०० ते १२० अंशांवर असावेत. बैठक अडीच मीटरवर असेल तर समोरच्या दोन स्पीकरमध्येही अडीच मीटर अंतर येते व तिन्ही बिंदूंचा समभुज त्रिकोण होतो. बैठक मागच्या भिंतीला टेकलेली असल्यास बाजूचे स्पीकर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर कानांपेक्षा किंचित वर लावणे सोयीचे असते. चारही लहान स्पीकर टीव्हीशेजारी रांगेने मांडण्याची पद्धत रूढ आहे, पण मग पाच वाहिन्यांना काही अर्थ उरत नाही.

लहान स्पीकरकडून खर्जाची अपेक्षा न ठेवता ८० हर्ट्झखालचा सर्व ध्वनी सबवूफरकडे वळवणे, ही घरगुती यंत्रणेतील सर्वसाधारण मांडणी आहे. त्यामुळे स्टँडवर ठेवायचे मध्यम आकाराचे स्पीकर व एक सबवूफर हा संच दहा बाय बाराच्या खोलीत उंच मनोऱ्यासारख्या स्पीकरपेक्षा अधिक उपयुक्त ठरतो. सर्व काही एकदम घेणे शक्य नसल्यास आधी रिसीव्हर व समोरचे दोन चांगले स्पीकर, मग मधला स्पीकर, त्यानंतर सबवूफर आणि शेवटी बाजूचे स्पीकर या क्रमाने संच वाढवता येतो.

== वॅटचे आकडे ==

खरेदीत सर्वाधिक फसगत वॅटच्या आकड्यामुळे होते. खोक्यावर छापलेल्या ‘पीएमपीओ’ या मापाला कोणतेही प्रमाणित मानक नाही. काही दशक वॅट देणाऱ्या यंत्रावरही हजारोंचा आकडा दिसतो. तुलनेसाठी आरएमएस हे माप धरावे लागते. तेही कोणत्या अटींवर मोजले आहे हे पाहणे आवश्यक असते: एकच वाहिनी चालू ठेवून, १ किलोहर्ट्झला, ६ ओहमवर व १० टक्के विकृतीसह मोजलेला आकडा हा दोन वाहिन्या चालू ठेवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहमवर व ०.१ टक्क्याहून कमी विकृतीसह मोजलेल्या आकड्यापेक्षा बराच फुगलेला असतो, जरी यंत्र तेच असले.

आवाजाची पातळी वॅटइतकीच स्पीकरच्या संवेदनशीलतेवर अवलंबून असते. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल ध्वनी मिळतो, ते हे माप होय. यात्रेतील तंबूच्या सिनेमात किंवा देवळावर दिसणारा कर्णा थोड्या वॅटवर गावभर ऐकू जातो, याचे कारण त्याची संवेदनशीलता १०० डेसिबलहून अधिक असते. घरगुती स्पीकरची ती बहुधा ८५ ते ९० असते.

८८ डेसिबलच्या स्पीकरला एक वॅट दिल्यास, परावर्तन वगळता, तीन मीटरवर सुमारे ७८.५ डेसिबल मिळतात. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. म्हणून घरात पुरेशा वाटणाऱ्या ९० डेसिबलच्या क्षणिक उंचीसाठी साधारण १४ वॅट लागतात. चित्रपटगृहाच्या मानकातील १०५ डेसिबलच्या क्षणिक उंचीसाठी मात्र तेथेच सुमारे ४५० वॅट लागतील. यावरून दोन गोष्टी दिसतात. घरगुती वापरात बहुतेक वेळ अगदी थोडे वॅट खर्च होतात. आणि ८० वॅटच्या रिसीव्हरऐवजी १०० वॅटचा घेतल्याने पडणारा फरक केवळ एका डेसिबलचा, म्हणजे जेमतेम जाणवणारा असतो. त्याच पैशात ९१ डेसिबलचा स्पीकर मिळाला तर निम्म्या शक्तीत तेवढाच आवाज मिळतो.

== रिसीव्हर ==

रिसीव्हर ध्वनिसंकेत उलगडतो, वाहिन्या वेगळ्या करतो, खर्ज सबवूफरकडे वळवतो व स्पीकरना शक्ती देतो. निवडताना प्रथम स्पीकरचा संरोध पाहावा लागतो. ८ ओहमचे स्पीकर जवळजवळ प्रत्येक रिसीव्हरला पेलतात, ४ ओहमच्या स्पीकरना अधिक प्रवाह लागतो व सामान्य रिसीव्हर तापून बंद पडू शकतो.

टीव्हीवरील ॲपमधून येणारा ध्वनी रिसीव्हरकडे परत नेण्यासाठी एचडीएमआय एआरसी ही जोडणी लागते. तिच्यातून संक्षेपित ५.१ ध्वनी जातो. ब्ल्यू-रेवरील असंक्षेपित दर्जाचा बहुवाहिनी ध्वनी टीव्हीमार्गे न्यायचा असल्यास ई-एआरसी आवश्यक असते. ज्या घरात डिस्क वापरली जात नाही, तेथे साधी एआरसी पुरते.

बहुतेक रिसीव्हरबरोबर एक छोटा मायक्रोफोन मिळतो. तो बैठकीच्या जागी ठेवल्यावर यंत्र प्रत्येक स्पीकरचे अंतर, पातळी व काही प्रमाणात खोलीचे दोष मोजून सुधारते. यामाहाच्या यंत्रांत ही सोय वायपीएओ, तर डेनॉनच्या यंत्रांत ऑडिसी या नावाने येते. मोजणी पंखा बंद करून करावी. जुन्या मराठी चित्रपटांसाठी आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: १९७०च्या दशकापर्यंतच्या बहुतेक चित्रपटांचा ध्वनी एकवाहिनी असून तो कृत्रिमरीत्या पाच स्पीकरमध्ये पसरवल्यास संवाद पोकळ वाटतात. तो मधल्या स्पीकरमधून किंवा साध्या स्टिरिओ पद्धतीने ऐकणेच चांगले. याउलट ‘सैराट’सारख्या (२०१६) चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत सिंफनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले होते, वाद्यांचा तो विस्तार बहुवाहिनी संचावर उलगडतो.

== वीज, तारा व शेजार ==

ग्रामीण भागात २३० व्होल्टचा पुरवठा स्थिर राहीलच असे नसते, म्हणून योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर वापरला जातो. चौकोनी तरंग देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरवर रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो; साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास होत नाही. वळिवाच्या विजांच्या काळात केवळ प्लग काढणे पुरेसे नसते, छतावरील डिश अँटेनाची केबलही सोडवावी लागते. हीच केबल अनेकदा स्पीकरमधील सततच्या घरघरीचेही कारण असते. ती काढल्यावर घरघर थांबली तर दोष अर्थिंगच्या जोडणीत आहे असे समजावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रिसीव्हर बंद शोकेसमध्ये ठेवू नये.

स्पीकरच्या महागड्या तारांची आवश्यकता नसते. घरगुती वायरिंगसाठी मिळणारी १.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार ८ ओहमच्या स्पीकरला दहा मीटरपर्यंत पुरते. ४ ओहमसाठी २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी.

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री (१० ते सकाळी ६) ४५ डेसिबल (ए) आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज आवाराच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक नसावा अशी तरतूद आहे. ‘ए’ मापनात ५० हर्ट्झचा ध्वनी सुमारे ३० डेसिबलने कमी मोजला जातो. त्यामुळे मापकावरचा आकडा मर्यादेत असूनही सबवूफरचे ठोके सामाईक भिंतीपलीकडे स्पष्ट जाणवू शकतात. सबवूफर भिंतीपासून दूर, जाड रबरी पायांवर ठेवल्यास जमिनीतून व भिंतीतून जाणारे कंपन कमी होते, आणि रिसीव्हरमधील रात्रीची मांडणी चालू केल्यास स्फोटांचा आवाज खाली येऊन संवाद तेवढेच ऐकू येतात.