थोरली जाऊ कोण?

गेल्या वर्षी आमच्या शिक्षणसंस्थेने गावातल्या आपल्या दोन शाळा एक केल्या. पाटी बदलायला एक दिवस पुरला. रंगाऱ्याने जुने नाव पुसले, नवे लिहिले, पेढे वाटले गेले. चौथ्या दिवशी शिक्षकखोलीत सेवाज्येष्ठतेची एकत्र यादी लागली आणि पेढ्यांची चव गेली. जुन्या शाळेत माझा क्रमांक तिसरा होता, तो आठवा झाला. पगारात एका पैचा फरक पडला नव्हता. तरी त्या रात्री मी नीट जेवलो नाही, हे कबूल केलेच पाहिजे.

दिवाळीत एक जुना विद्यार्थी फराळाला आला. तो आता वैमानिक आहे. माझे गाऱ्हाणे ऐकून तो हसला. म्हणाला, "सर, तुमची यादी ती काय! दोन विमान कंपन्या एक होतात तेव्हा काय होते ते विचारा." मी विचारले, आणि पुढे महिनाभर त्याच विषयामागे लागलो. वाचकहो, त्या वाचनातून हाती आलेला हा इतिहास.

विमानाच्या पुढच्या भागात दोन जागा असतात. डावी कप्तानाची, उजवी सहवैमानिकाची. उजवीकडून डावीकडे जायला हजारो तासांचा अनुभव लागतो, परीक्षा लागतात. पण अनेक कंपन्यांत पाळी येते ती यादीतल्या क्रमांकाने. मोठे विमान कोणाला मिळावे, कोणत्या शहरी राहावे, हेही पुष्कळदा तोच क्रमांक ठरवतो. डॉक्टराने इस्पितळ बदलले तर त्याचा अनुभव आणि मान त्याच्याबरोबर जातो. वैमानिकाने कंपनी बदलली की बहुधा तो नव्या यादीच्या तळाशी जाऊन बसतो. म्हणून क्रमांक ही त्याची पोकळ प्रतिष्ठा नव्हे. ती त्याने साठवलेली वर्षे असतात.

दोन विभक्त घरे पुन्हा एका छपराखाली आली, की प्रत्येक घरातून एकेक थोरली जाऊ येते. आता थोरली कोण? वयाने मोठी ती, की मोठा संसार सांभाळणारी ती? कंपन्यांपुढे हाच पेच असतो. नोकरीच्या तारखेने यादी लावली, तर वाढत्या कंपनीत पाच वर्षांत कप्तान झालेला तरुण मागे पडतो. हुद्द्याने लावली, तर दुसऱ्या कंपनीत पंधरा वर्षे उजव्या जागेवर पाळीची वाट पाहणारा मागे पडतो. अमेरिकेत २००५ साली यू. एस. एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्या एक झाल्या. २००७ साली लवादाने यादी लावून दिली. जुन्या कंपनीच्या वैमानिकांना ती इतकी झोंबली, की त्यांनी आपली संघटनाच बदलली. पुढे २०१३ साली तिसऱ्या कंपनीशी विलीनीकरण झाले, तरी भांडण मिटले नव्हते.

आपल्याकडे हा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर आला १९५३ साली. त्या वर्षीच्या कायद्याने विमान वाहतूक सरकारी झाली. परदेशची उड्डाणे एअर इंडिया इंटरनॅशनलकडे गेली. देशातल्या उड्डाणांसाठी डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, कलिंग एअरलाइन्स, हिमालयन एव्हिएशन अशा आठ कंपन्यांची एक इंडियन एअरलाइन्स झाली. १ ऑगस्टला कारभार हाती घेतला गेला. ताफ्यात बहुतेक डाकोटा विमाने होती. आठ घरांच्या आठ रीती, आठ पगारपत्रके! कायदा करणाऱ्यांनी एवढे मात्र केले, की जुन्या नोकरांचा पगार व सेवेच्या अटी, महामंडळ रीतसर बदल करीपर्यंत, आहेत तशाच राहतील असे कायद्यातच लिहून ठेवले. त्याने सगळे समाधानी झाले असतील असे नाही. पण पहिल्या दिवशी माणसाच्या हातात एक लेखी शब्द होता.

पुढे चोपन्न वर्षांनी, २००७ साली, हीच दोन सरकारी भावंडे एक झाली. एअर इंडिया मुंबईची, मोठ्या विमानांची, दूरदेशी जाणारी. इंडियन एअरलाइन्स दिल्लीची, लहान विमानांची, मुख्यतः देशात फिरणारी. ऑगस्टमध्ये कागद झाले, नाव एक झाले. पगार आणि याद्या मात्र दोनच राहिल्या. एकाच कंपनीचे दोन वैमानिक, पण पगाराचे हिशोब वेगळे! २०११ च्या एप्रिलअखेरीस पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला. तो सुमारे दहा दिवस चालला. मग सरकारने न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली. तिचा अहवाल आला २०१२ च्या जानेवारीत, म्हणजे लग्नानंतर साडेचार वर्षांनी देण्याघेण्याची बैठक!

त्याच वर्षी मे महिन्यात दुसरी बाजू उठली. नव्या ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही मिळणार, म्हणून पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी काम थांबवले. मोठी विमाने उडवण्याची पाळी आपल्या यादीची, ती दुसऱ्यांनी का घ्यावी, हा त्यांचा सवाल होता. शंभराच्या आसपास वैमानिक बडतर्फ झाले. जुलैच्या आरंभी, अठ्ठावन्न दिवसांनी, संप मिटला. गंमत अशी, की ज्या विमानावरून हे रण माजले, ते ताफ्यात आले सप्टेंबरात.

२०२२ साली एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली आणि २०२४ च्या नोव्हेंबरात विस्तारा तिच्यात विलीन झाली. त्याआधी एप्रिलमध्ये विस्ताराची अनेक उड्डाणे रद्द झाली होती. वैमानिकांना महिन्याला सत्तर तासांचे वेतन नक्की मिळे. नव्या करारात ते चाळीस तासांवर येत होते. अधिक उडाल तर अधिक मिळेल, हे खरे. पण घराचा हप्ता आणि मुलांची फी नक्की रकमेवर बेतलेली असते. ज्येष्ठतेची काळजी होतीच.

हे सारे वाचून मी माझ्या यादीकडे पुन्हा पाहिले. माझ्या पुढे गेलेल्यांत दुसऱ्या शाळेचे एक चित्रकला शिक्षक होते. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा मी त्यांच्याजवळ बसलो आणि त्यांची नोकरी विचारली. शाळा विनाअनुदानित असताना सहा वर्षे त्यांनी पगाराविना काढली होती. संध्याकाळी दुकानांच्या पाट्या रंगवून घर चालवले होते. ती सहा वर्षे यादीत धरली होती, म्हणून ते माझ्या पुढे होते.

ते संकोचून म्हणाले, "सर, तुम्हांला वाईट वाटलं असेल."

वाटले होते, हे मी सांगितले. ही सहा वर्षे पाटी बदलण्यापूर्वी आम्हां सर्वांसमोर मोजली गेली असती, तर वाटले नसते, हेही सांगितले. मग आम्ही दोघांनी मिळून चहा मागवला.