अंश-दिवसांचे गणित आणि मक्यावरील लष्करी अळी

बारामती : पीक किंवा कीड दिनदर्शिका पाहून वाढत नाही, मिळालेल्या उष्णतेनुसार वाढते. या उष्णतेची दररोज बेरीज करण्याच्या पद्धतीस ‘अंश-दिवस’ मोजणी म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्युर यांनी १७३५ मध्ये ही कल्पना प्रथम मांडली.

बारामती व इंदापूर तालुक्यांत मका हे दुभत्या जनावरांच्या चाऱ्याचे व मुरघासाचे महत्त्वाचे पीक आहे. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात आढळली व त्याच वर्षी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातही दिसली. तेव्हापासून फवारणी नेमकी कधी करावी, हा प्रश्न कळीचा ठरला आहे.

गणित असे करावे

दिवसाचे कमाल व किमान तापमान मिळवून निम्मे करावे. त्यातून किडीचे आधारभूत तापमान वजा करावे. त्याखाली किडीची वाढ थांबते. या अळीसाठी ते सुमारे १२.५ अंश सेल्सिअस आहे. कमाल ३४ व किमान १८ अंश असल्यास सरासरी २६ येते; त्या दिवसाचे १३.५ अंश-दिवस जमा होतात.

दक्षिण आफ्रिकेतील २०२० च्या अभ्यासानुसार अंड्यापासून पतंग होईपर्यंत सुमारे ३९१ अंश-दिवस लागतात. वरील तापमानात ही पिढी २९ दिवसांत पूर्ण होते. थंडीत कमाल २९ व किमान १२ अंश असता तिलाच ४९ दिवस लागतात. अंडी उबण्यास सुमारे ३६ अंश-दिवस, म्हणजे अनुक्रमे अंदाजे तीन व पाच दिवस पुरतात.

उपयोग आणि मर्यादा

कामगंध सापळ्यात पतंग दिसू लागताच पानांवरील अंडीपुंज शोधावेत व तेथून मोजणी सुरू करावी. लहान अळी पानाचा पृष्ठभाग खरवडते. मोठी झाल्यावर पोंग्यात शिरते व औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मधले मोजके दिवस चुकले की खर्च वाया जातो. चाऱ्यावर वारंवार फवारणी करणे जनावरांनाही घातक असते.

मात्र नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरील दाट मक्यात तापमान हवामान केंद्रातील नोंदीपेक्षा वेगळे असू शकते. अतिउष्णतेत वाढ मंदावते, तर जोरदार पावसाने लहान अळ्या मरतात. त्यामुळे अंश-दिवस शेतात कधी जावे एवढेच सांगतात. फवारणीचा निर्णय पाहणीनंतरच घ्यावा.