बटाट्यातील आनुवंशिक विषद्रव्ये

बटाट्यातील आनुवंशिक विषद्रव्ये : सोलॅनीन व चॅकोनीन ही बटाट्यात स्वाभाविकपणे तयार होणारी कडू ग्लायकोअल्कलॉइडे. कीटक व कवके यांपासून ती वनस्पतीचे रक्षण करतात. माणसाच्या पोटात अधिक प्रमाणात गेल्यास मळमळ, वांती व अतिसार होतात. शिजविल्याने ती फारशी नष्ट होत नाहीत. अँडीज पर्वतातील लोकांनी कमी कडू कंद निवडत रानटी जातींपासून लागवडीचा बटाटा घडविला. उरलेल्या कडू जाती ते चिकणमातीबरोबर खात.

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर येथे एकोणिसाव्या शतकात तुरुंगातील चिनी कैद्यांनी बटाटा पिकविला. पुढे जिल्ह्याच्या पूर्व भागात, विशेषतः पुसेगाव परिसरात, तो खरिपाचे नगदी पीक बनला. शेजारच्या सांगली जिल्ह्यात मात्र ऊस, हळद व द्राक्षे यांपुढे तो गौण राहिला. खरिपातील दमट हवेत करपा बळावतो, म्हणून प्रतिकारक वाणांची गरज भासली. १९६८ मध्ये प्रसारित झालेल्या कुफ्री ज्योती या वाणातील करप्याचा प्रतिकार सोलॅनम डेमिसम या मेक्सिकोतील रानटी जातीकडून आलेला आहे.

रानटी जातीकडून हवा तो गुण घेताना विषही वारशाने येऊ शकते. वेफर्ससाठी १९६७ मध्ये अमेरिकेत प्रसारित केलेल्या लेनापे या वाणाच्या पूर्वजांत सोलॅनम चॅकोएन्सी ही रानटी जाती होती. त्याच्या १०० ग्रॅ. कंदात सु. ३० मिग्रॅ. ग्लायकोअल्कलॉइडे आढळली, सुरक्षित मर्यादा २० मिग्रॅ. मानतात. १९७० मध्ये हा वाण मागे घेण्यात आला. त्याच्याच संकरातून पुढे निवडलेला ॲटलांटिक (१९७६) मात्र सुरक्षित ठरला व वेफर्सच्या धंद्यात जगभर पसरला.

विषाचे प्रमाण अनेक जनुकांवर अवलंबून असते, त्यामुळे संततीत ते कमीअधिक होते. ग्लायकोअल्कलॉइडे तयार करणाऱ्या जनुकांचे समूह ७ व १२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांवर असल्याचे २०१३ मध्ये दाखविण्यात आले. वाणाची मूळ पातळी वारशाने ठरते. उजेड व इजा यांनी ती वाढते. म्हणून प्रजनकाने प्रत्येक नव्या वाणाचे रासायनिक परीक्षण करणे, शेतकऱ्याने सरींना मातीची भर देऊन कंद झाकणे व गृहिणीने हिरवे, कडू कंद टाकून देणे, हे तिन्ही उपाय आवश्यक ठरतात.