घर पाहावे आखाजीला

दिवाळीच्या पाडव्याला नव्या घराचा विसार देण्याची चाल आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. साडेतीन मुहूर्तांपैकी अर्धा मुहूर्त तो. दारात पणत्या, अंगणात रांगोळी, हवेत नुकताच उतरलेला गारवा. अशा वेळी कोणतेही घर सुरेखच दिसते. पण खानदेशातल्या माणसाने या मोहापासून जरा जपून असावे, असे मी म्हणेन. आणि तेही ऐन दिवाळी अंकात! कारण सांगतो.

माझ्या आत्याबाईंचा जन्म धरणगावच्या धाब्याच्या घरात गेला. मुलाने ते घर विकले आणि जळगावात सगळ्यात वरच्या मजल्यावरचा एक सदनिका-ब्लॉक घेतला. घर दिवाळीत पाहिले, पाडव्याला विसार दिला, माघात राहायला गेले. सगळे आनंदात. मग वैशाख आला. रात्रीचे अकरा वाजले तरी भिंतीला हात लावावा तर चटका बसे आणि पंखा फिरे तो जणू भट्टीचा वाराच फेकी. आत्याबाई उशी घेऊन जिन्यात जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आरे भाऊ, हाई घर रातले बी तपस!" जुने घर विकलेले, परत जायला जागा नाही. त्या एका वाक्याने मला जुन्या धरणगावाकडे नव्या नजरेने पाहायला लावले.

धरणगाव हे बालकवी ठोमऱ्यांचे जन्मगाव म्हणून आपल्याला ठाऊक असते. पण बालकवी जन्मले 1890 साली. गावाचा लौकिक त्याच्या दोन शतके आधीचा. इथल्या कापडासाठी इंग्रजांनी 1674 साली येथे वखार घातली. दुसऱ्याच वर्षी मराठ्यांनी हे गाव लुटले, 1679 साली पुन्हा लुटले आणि 1685 साली संभाजी महाराजांच्या काळात ते जाळले गेले. संपन्न गावाच्याच वाट्याला अशा स्वाऱ्या येतात, हे वेगळे सांगायला नको. पुढे 1825 साली जेम्स औट्रम नावाचा तरुण इंग्रज अधिकारी खानदेशात आला आणि त्याने इथेच भिल्लांची पलटण उभारली. राज्ये आली, राज्ये गेली. गाव जळले आणि पुन्हा वसले. शत्रू बदलत गेले, पण एक शत्रू मात्र दरवर्षी न चुकता येत राहिला. तो म्हणजे उन्हाळा.

या शत्रूची चाल नीट समजून घेण्यासारखी आहे. धरणगाव साधारण 21 उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो. त्या वेळी भिंतींवर ऊन जवळजवळ पडतच नाही. सारा मारा छपरावर होतो. दुपार कलली की तोच सूर्य पश्चिमेच्या भिंतीवर आडवा येतो. म्हणजे खानदेशातल्या घराचे वैरी दोन : उघडे छप्पर आणि उघडी पश्चिम भिंत.

आपल्या पूर्वजांनी भूगोलाची पुस्तके वाचली नव्हती. पण घर मात्र त्यांनी हे ओळखूनच बांधले. लाकडाच्या तुळया, त्यांवर आडव्या काटक्या किंवा फळ्या, त्यांवर पालापाचोळा आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे ते धाबे. दुपारचे ऊन त्या मातीत शिरे खरे, पण ते खालपर्यंत झिरपायला कित्येक तास लागत. आणि ते पोचायच्या आत रात्र होऊन वरची माती निवू लागे. घरातली माणसेही तोवर बिछाने घेऊन धाब्यावर गेलेली असत! भिंती हातभर जाड, खिडक्या लहान, आणि पेठेतली घरे एकमेकांना खेटून. शेजाऱ्याची भिंत तीच आपली भिंत. मग पश्चिमेचे ऊन शिरणार कुठून?

धाब्याचे गोडवे गाताना त्याच्या खोडीही सांगितल्या पाहिजेत. दर पावसाळ्याआधी वर माती टाकून चोपावी लागे. एखादी भेग राहिली की आषाढात घरभर भांडी मांडायची. वाळवी लागे, आढ्यातून विंचू पडे, आत अंधार असे. त्या घराचा गारवा बायकांच्या सारवण्यावर आणि पुरुषांच्या माती वाहण्यावर उभा होता. हे श्रम नकोसे झाले, यात कुणाचा दोष नाही. 1900 च्या सुमारास तापी खोऱ्याची रेल्वे झाली, माल स्वस्तात येऊ लागला, आणि हळूहळू मातीच्या जागी पत्रा आला. पत्र्यानंतर सिमेंटचा स्लॅब आला. पाऊस थांबला, विंचू थांबला. पण ऊन मात्र आत आले. पातळ स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री, आपण निजायच्या वेळी, खाली सोडतो. आत्याबाईंच्या ब्लॉकात घडत होते ते हेच.

गंमत अशी, की जे आमच्या आज्यांना ठाऊक होते ते आता सरकारी नियमांत आकड्यांनिशी आले आहे. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने 2018 च्या डिसेंबरात राहत्या इमारतींसाठी 'इको निवास संहिता' काढली. तिच्या मते छप्पर असे हवे, की बाहेरच्या व आतल्या तापमानात एका अंशाचा फरक असता दर चौरस मीटरमागे 1.2 वॅटहून अधिक उष्णता आत येऊ नये. नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबमधून याच्या सुमारे तिप्पट येते. उघडता येणाऱ्या खिडक्या उष्ण व कोरड्या हवेत जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान 10 टक्के असाव्यात, तर दमट किनारपट्टीत 16.66 टक्के. कोकणातले घर वाऱ्याला दारे उघडून बसते आणि कोरड्या मुलखातले घर डोळे किलकिले करून, हा जुना भेदच इथे अंकांत उतरला आहे. 2019 पासून घरांनाही फ्रीजसारखे एक ते पाच तारे देण्याची योजना आली आहे.

मग ब्लॉक घेऊच नये काय? तसे मुळीच नाही. उलट, मधल्या मजल्यावरचा ब्लॉक हा धाब्याच्या घराचा खरा वारस आहे. वरच्याचे घर हेच आपले धाबे, बाजूच्याची भिंत हीच आपली पेठेतली भिंत. उन्हाला तोंड देणारी एखाददुसरीच बाजू उरते. ती पूर्वेची किंवा उत्तरेची असली तर उत्तम. पश्चिमेची असली तर तिच्यावर गच्ची, सज्जा, निदान एखादे झाड हवे. वरचाच मजला घ्यायचा असेल तर स्लॅबवर उष्णतारोधक थर आहे का आणि त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले आहेत का, हे आधी विचारावे. यंत्राचा विचार सगळ्यांत शेवटी. छप्पर तापत असताना पंचतारांकित यंत्र आणणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे. भरतच राहावे लागते, आणि बिलही भरावे लागते.

क्षेत्रफळ मोजण्याविषयी आता कायदा जागा झाला आहे. 2017 पासून महाराष्ट्रात रेराची नोंदणी आहे आणि चटई क्षेत्र कागदावर मांडावेच लागते. पण त्या चटईवर वैशाखात निजता येईल का, हे पाहणे अजून आपल्याच हाती आहे.

आत्याबाईंच्या इमारतीतल्या मंडळींनी पुढे वर्गणी काढून गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवून घेतले. पुढच्या आखाजीला माहेरवाशिणी आल्या, तेव्हा दुपारी मी मुद्दाम गेलो. आत्याबाई घरातच होत्या, जिन्यात नव्हत्या. धाब्याची सर त्याला नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण रात्री झोप लागते, हेही कबूल केले.

म्हणून सांगतो, यंदा पाडव्याला घर खुशाल पाहा, फराळ करा, मुहूर्त मनात धरा. विसार मात्र जरा थांबवा. आखाजीच्या दुपारी तीन वाजता त्याच घरात पुन्हा जा, पश्चिमेच्या भिंतीवर आणि जमल्यास छतावर तळहात टेका, आणि शक्य झाल्यास रात्री दहाला पुन्हा टेका. काय द्यायचे आणि द्यायचे की नाही, ते हात सांगेल.