काळ्या पतंगाची तीन नावे

#थ्रेड

१/ कारखान्यांच्या धुराबरोबर इंग्लंडमध्ये काळ्या पतंगांची संख्या कशी वाढली, हे आपण शाळेत वाचले आहे. पाठ्यपुस्तकात त्या पतंगाचे नाव असते ‘बिस्टन बेट्युलारिया’. मी हेच नाव घेऊन व्हिक्टोरियन काळातील नियतकालिके चाळली. दोन दिवस हाती काही लागले नाही.

२/ आरंभ १७५८चा. लिनिअसने बहुतेक निशाचर पतंग ‘फॅलीना’ या एकाच प्रजातीत कोंबले आणि तिचे पोटगट पाडले. ज्यांची अळी वीत टाकत जमीन मोजल्यासारखी चालते, तो गट ‘जिओमेट्रा’, म्हणजे भूमापक. (आपले शेतकरी अशा चालीच्या अळीला उंटअळी म्हणतात, सोयाबीनवरची उंटअळी मात्र निराळ्या कुळातली.)

३/ त्याची एक युक्ती मला फार आवडते. या गटात शृंगिका कंगव्यासारख्या असतील, तर जातिनामाचा शेवट ‘-आरिया’. साध्या दोऱ्यासारख्या असतील, तर ‘-आटा’. ‘बेट्युला’ म्हणजे भूर्ज. आपल्या भूर्जपत्राचा हिमालयीन वृक्षही त्याच प्रजातीतला. तेव्हा ‘बेट्युलारिया’ या एका शब्दात झाडही आले आणि शृंगिकाही आल्या.

४/ पुढे फॅलीनाचे तुकडे झाले. १८१५ साली ब्रिटिश म्युझियममधील विल्यम एल्फर्ड लीच याने ‘एडिंबरा एन्सायक्लोपीडिया’त ‘बिस्टन’ ही प्रजाती मांडली. ग्रीक पुराणकथांत बिस्टन हा थ्रेसमधील बिस्टोनीस लोकांचा मूळपुरुष. पतंगाशी त्याचा संबंध मला तरी दिसत नाही. लीचचे नामकरण असेच लहरी! ‘कॅरोलिना’ किंवा ‘कॅरोलिन’ या नावांची अक्षरे उलटसुलट करून त्याने सागरी प्राण्यांच्या प्रजातींना सिरोलाना, कोनिलेरा, नेरोसिला अशी नावे दिली.

५/ खरी मेख पुढे आहे. प्रजातीचे नाव एका नमुना-जातीला बांधलेले असते. बिस्टनची नमुना-जाती बेट्युलारिया नव्हे, तर तिची भावकीतली ‘स्ट्रॅटारिया’. त्यामुळे बेट्युलारियाला वेगळे काढणे शक्य होते, आणि तसेच घडले. १८२५ मध्ये ट्राइट्श्केने ‘अँफिडासिस’ ही प्रजाती केली आणि इंग्रज संग्राहकांनी तेच नाव चालवले. १८६४ मध्ये एडलस्टनने मँचेस्टरकडील काळ्या पतंगांविषयी लिहिले, तेही अँफिडासिस म्हणूनच. त्यातही स्पेलिंगचे एकमत नाही.

६/ पुढे दोन्ही प्रजाती एकच ठरल्या. अग्रक्रमाच्या नियमानुसार जुने नाव टिकते, म्हणून १८१५चे बिस्टन राहिले. १९५०च्या दशकातील केटलवेलचे प्रसिद्ध प्रयोग याच नावाने छापले गेले.

७/ हा घोळ केवळ इंग्लंडचा नाही. आसामच्या चहामळ्यांत पाने फस्त करणारी ‘सप्रेसारिया’ ही अळी कुठे वॉकरच्या ‘बुझुरा’ या प्रजातीत सापडते, कुठे बिस्टनमध्ये. कीड एकच, तिची नोंद मात्र दोन ठिकाणी विखुरलेली.

८/ माझ्या वहीत आता शोधशब्द तीन आहेत: फॅलीना, अँफिडासिस, बिस्टन. आसामसाठी चौथा, बुझुरा.